घेवड्याचे पहिले तीस दिवस

घेवडा पेरल्यावर सहा ते आठ दिवसांत ओळीनं माती फुटू लागते. मान वाकलेला जाड कोंब आधी वर येतो, एका दिवसात सरळ होतो आणि बियांच्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन उभा राहतो. पुढच्या चार-पाच दिवसांत पानांची पहिली जोडी उघडते. रान भरून दिसतं. नांग्या किती पडल्या याचा अंदाज येतो आणि शेतकरी निर्धास्त होतो. पण दुसरा आठवडा संपता संपता बऱ्याच रानांत पिकाचा रंग उतरायला लागतो. खालची पानं फिकी पडतात, नवं पान लहान येतं, वाढ थबकते. ‘पीक पिवळं पडलंय, काहीतरी सोडायला हवं’ हे बोलणं याच दिवसांतलं. मग कोणी युरिया फेकतो, कोणी जीवामृताचा ड्रम सोडतो, कोणी दुकानातून टॉनिकची बाटली आणतो. आठ-दहा दिवसांत पिकाला काळोखी येते आणि ज्यानं जे सोडलं त्याचा गुण आला, असं ठरून जातं.

द्रवरूप सेंद्रिय खतांबद्दलचे बहुतेक वाद इथूनच सुरू होतात. एका बाजूला ‘एका ड्रमात एकर पिकतं’ असं सांगणारे, दुसऱ्या बाजूला ‘ते नुसतं शेणाचं पाणी आहे’ म्हणणारे. घेवड्याच्या रोपाला या तीस दिवसांत नेमकं काय हवं असतं हे समजून घेतलं, तर दोन्ही बाजूंचं अर्धं अर्धं खरं असल्याचं दिसतं. द्रवरूप खत हे घेवड्याचं मुख्य अन्न नाही. मात्र रोपाच्या आयुष्यात एक छोटा उपाशी काळ येतो, तेवढ्यापुरतं ते मोलाचं आहे. वेळेवर, मुळाशी आणि बेतानं दिलं तरच.

बियातली शिदोरी

घेवड्याचं एक मध्यम बी पाव ते अर्ध्या ग्रॅमचं असतं. ०.३ ग्रॅम धरू. त्यात साधारण २२ टक्के प्रथिनं असतात. प्रथिनांत सुमारे सोळा टक्के नायट्रोजन असतं, म्हणजे एका बियात दहा मिलिग्रॅमच्या आसपास नत्र भरतं. आईच्या झाडानं रोपासाठी बांधून दिलेली ही शिदोरी. कोंब वर आला की डाळिंब्यांतला हा साठा पानांकडे आणि मुळांकडे वाहू लागतो. डाळिंब्या आधी हिरवट होतात, मग सुरकुततात, पिवळ्या पडतात आणि पेरणीनंतर दोन आठवड्यांच्या सुमारास गळून जातात. त्या गळाल्या की शिदोरी संपली.

इथून पुढे रोपाला नत्र दोनच ठिकाणांहून मिळतं. एक, मातीतून पांढऱ्या मुळीवाटे. दोन, हवेतून, मुळांवरच्या गाठींत राहणाऱ्या रायझोबियम जीवाणूंमार्फत. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचा रेणू फोडणं फार खर्चाचं काम आहे. एक रेणू फोडायला जीवाणूला ऊर्जेचे किमान सोळा एटीपी रेणू खर्चावे लागतात. ती ऊर्जा पानांत तयार झालेल्या साखरेतून येते. म्हणजे गाठी चालू व्हायच्या तर आधी पानं हवीत आणि पानं व्हायची तर आधी नत्र हवं. गाठी डोळ्यांना दिसू लागतात त्या उगवणीनंतर दीड-दोन आठवड्यांनी, आणि पिकाला उपयोग होईल एवढं नत्र त्या पेरणीपासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर देऊ लागतात.

चौदाव्या दिवशी शिदोरी संपते आणि पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी गाठींची कमाई सुरू होते. मधले दहा-पंधरा दिवस रोप पूर्णपणे मातीवर अवलंबून असतं. मातीत कुजलेलं सेंद्रिय द्रव्य भरपूर असेल तर हा काळ कळतसुद्धा नाही. जमीन हलकी असेल, मृगाच्या जोरदार पावसानं नत्र खाली वाहून गेलं असेल किंवा रब्बीत जमीन गार पडल्यानं कुजण्याचं काम मंदावलं असेल, तर तो पानांवर उमटतो. झुडपी घेवड्याची पहिली तोडणी ४५ ते ५० दिवसांत येते. एवढ्या कमी मुदतीच्या पिकात दहा-पंधरा दिवस वाढ थांबली, तर ती भरून काढायला पुढे वेळच उरत नाही. दीर्घ मुदतीच्या तुरीला हीच उपासमार सहज पचते.

बर्नबुर्गची वाळू

हा उपाशी काळ सर्वांत आधी नीट नोंदवला तो जर्मनीतल्या बर्नबुर्ग इथल्या कृषी प्रयोगशाळेत. हेर्मान हेलरीगल आणि त्यांचे सहकारी हेर्मान विल्फार्ट कुंड्यांत निव्वळ वाळू भरून पिकं वाढवत होते. जव आणि ओट यांचा हिशेब सरळ निघाला. जितकं नत्र घातलं तितकी वाढ. नत्र नाही तर वाढ नाही. वाटाण्याचं गणित मात्र जुळेना. नत्र न घातलेल्या कुंड्यांत वाटाणा बियातल्या साठ्यावर थोडा वाढे, मग पिवळा पडून थांबे. काही कुंड्यांतली रोपं तशीच मरत. काही कुंड्यांतली रोपं मात्र काही दिवसांनी अचानक हिरवी होऊन जोमानं वाढू लागत, एकाच घरात, एकाच वाळूत, काहीही न घालता. सावरलेली रोपं उपटून पाहिली तेव्हा त्यांच्या मुळांवर गाठी होत्या.

मग त्यांनी साधा, पण अतिशय चतुर प्रयोग केला. सुपीक शेतातली थोडी माती पाण्यात कालवली आणि ते पाणी निर्जंतुक वाळूतल्या वाटाण्याला घातलं. रोपं सावरली. तेच पाणी उकळून घातलं तेव्हा काहीही झालं नाही. मातीच्या त्या पाण्यात नत्र नगण्य होतं. गुण होता तो त्यातल्या जिवंत जीवाणूंचा. ल्युपिन या शेंगवर्गीय पिकाला कोणत्याही शेतातल्या मातीचं पाणी चालेना. त्याला ल्युपिन जिथं वाढतं अशा वाळूसर रानातलीच माती लागली. हेलरीगलनी १८८६ मध्ये बर्लिनच्या शास्त्रज्ञांच्या सभेत हे मांडलं. दोन वर्षांनी नेदरलँड्समध्ये मार्टिनस बायरिंक यांनी गाठींतले जीवाणू वेगळे करून वाढवून दाखवले.

आपल्याकडे जीवामृताच्या ड्रममध्ये बांधावरची मूठभर माती टाकतात तेव्हा बर्नबुर्गच्या त्या प्रयोगाचं तत्त्वच आपण वापरत असतो. त्यातला धडा घेवड्यासाठी तर फारच कामाचा आहे. माती कुठलीही चालत नाही. ज्या रानात आधी घेवडा झाला आणि त्याच्या मुळांवर चांगल्या गाठी दिसल्या, त्याच रानातली माती घ्यावी.

घेवडा इतका नाजूक का?

श्रावण घेवडा, फरसबी, राजमा आणि साताऱ्याच्या कोरेगाव भागातला भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा, ही सगळी एकाच जातीची रूपं आहेत. या पिकाचं मूळ घर मेक्सिको-मध्य अमेरिका आणि अँडीज पर्वताचा प्रदेश. युरोपीय व्यापारातून ते आपल्याकडे आलं. बी आलं, पण त्याच्या सोबतीचे जीवाणू प्रत्येक रानात पोचले नाहीत. चवळी, वाल, मूग, मटकी यांना चालणारे जीवाणू आपल्या मातीत पूर्वापार आहेत. घेवड्याला ते फारसे उपयोगी पडत नाहीत. उत्तर भारताच्या मैदानी भागात राजम्याच्या मुळांवर गाठी जवळपास येतच नाहीत. म्हणून हरभऱ्याला हेक्टरी वीस-पंचवीस किलो नत्र पुरे म्हणणारे शास्त्रज्ञ राजम्याला मात्र शंभर-सव्वाशे किलोंची शिफारस करतात.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चवळी किंवा वाल लावला असेल तर पहिल्या महिन्यात द्रवरूप खताची गरज तुलनेनं कमी असते. कंपोस्ट आणि बीजप्रक्रिया एवढ्यावर भागतं. घेवडा लावला असेल तर ड्रमच्या आधी बियांचा विचार करावा लागतो. घेवड्यासाठीचंच रायझोबियम मागून घ्यावं. हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं पाकीट इथं चालत नाही. भुकटीचं २५० ग्रॅम संवर्धक साधारण दहा किलो बियांना पुरतं. गुळाच्या थंड पाण्यात ते कालवून बियांना हलक्या हातानं चोळावं, बी सावलीत सुकवावं आणि त्याच दिवशी पेरावं. घेवड्याचं साल पातळ असतं. जोरात चोळलं तर ते सुटतं आणि बी उगवत नाही.

ड्रमात नेमकं काय असतं?

पातळ खतांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त कुणपजल नावाचं खत सांगितलं आहे. त्यात मांस, चरबी, मज्जा शिजवून, त्यात दूध, मध, तूप, उडीद अशा वस्तू मिसळून ते मिश्रण उबेला आंबवत ठेवतात. या ग्रंथाचं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होतं. नलिनी साधले यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कुणपजलाकडे पुन्हा लक्ष गेलं. आज महाराष्ट्रात सर्वांत ओळखीचं आहे ते जीवामृत. ते घरोघरी पोचवलं अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकर यांनी. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली.

जीवामृताचं प्रमाण बहुतेकांना पाठ असतं: २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती. एवढं एका एकराला. आता त्यातलं नत्र मोजू. ताज्या शेणात पाण्याचाच वाटा मोठा. दहा किलोंत नत्र निघतं तीस-चाळीस ग्रॅम. दहा लिटर गोमूत्रात ऐंशी ते शंभर ग्रॅम. दोन किलो बेसनात सत्तर ग्रॅमच्या आसपास. सगळं मिळून एका ड्रममध्ये सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे लिटरला एक ग्रॅम.

दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर एकरात साठ हजारांच्या जवळपास रोपं बसतात. २०० ग्रॅम नत्र त्यांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन मिलिग्रॅम येतं, बियातल्या शिदोरीच्या एक तृतीयांश. तेही सगळं मुळापर्यंत पोचलं असं धरून. एका महिन्याच्या तब्येतदार रोपाच्या अंगात ऐंशी-शंभर मिलिग्रॅम नत्र असतं. राजम्याच्या शिफारशीशी ताडून पाहिलं तर एकरी चाळीस किलोंवर नत्र लागतं तिथं आपण पाव किलोही देत नाही. म्हणूनच ‘शेणाचं पाणी’ म्हणणाऱ्यांचं अर्धं खरं आहे. जीवामृताच्या जोरावर शेणखत बंद करणाऱ्याचं रान दोन-तीन हंगामांत उतरतं, ते यामुळे.

पण उरलेलं अर्धं सत्यही तितकंच महत्त्वाचं आहे. गुळाची साखर आणि बेसनाची प्रथिनं खाऊन ड्रममध्ये जीवाणूंची संख्या प्रचंड वाढते. हे जीवाणू आणि त्यांचं खाद्य मातीत पडलं की तिथल्या शेणखताचं, काडीकचऱ्याचं कुजणं मुळांभोवती वेग धरतं आणि त्यातलं अडकलेलं नत्र-स्फुरद थोडं थोडं मोकळं होतं. पण मोकळं व्हायला मातीत आधी काहीतरी असावं लागतं. सेंद्रिय द्रव्य नसलेल्या रानात जीवामृत सोडून फारसा फरक पडत नाही. एकरी आठ-दहा टन चांगलं कुजलेलं शेणखत घातलेल्या रानात तोच ड्रम वेगळं काम करतो.

बाकीच्या द्रवांचा स्वभाव वेगळा. गांडूळपाणी, म्हणजे व्हर्मीवॉश, चहाच्या रंगाचं आणि जवळपास वास नसलेलं असतं. त्यात नत्र थोडं, पण ह्युमिक आम्लं आणि मुळांच्या वाढीला चालना देणारी संप्रेरकांसारखी द्रव्यं असतात. रोपावस्थेसाठी ते सर्वांत सौम्य. समुद्री शेवाळाच्या अर्काचंही तसंच: पालाश आणि संप्रेरकं यांसाठी तो वापरायचा, नत्रासाठी नाही. गोबरगॅसच्या स्लरीतलं नत्र बऱ्याच अंशी अमोनियाच्या रूपात असल्यामुळे ते लवकर लागू पडतं. गोमूत्र सर्वांत तीव्र. एका लिटरमध्ये आठ-दहा ग्रॅम नत्र, शिवाय क्षारही. वीसपट पाण्यात मिसळलेल्या गोमूत्राच्या एका कपात रोपाची महिनाभराची नत्राची गरज भागते. म्हणून ते जपून वापरायचं.

ड्रम भरताना

ड्रम सावलीत ठेवावा, जमिनीपासून थोडा उंच, म्हणजे खालून तोटी काढता येते. आधी पाणी भरावं आणि ते क्लोरीन घातलेलं नळाचं असेल तर दिवसभर उघडं ठेवावं. शेण बादलीत हातानं फोडून पातळ करून घालावं. गोळे राहिले तर आतून ते तसेच राहतात. गूळ काळा, जुना असला तरी चालतो, पण पाण्यात विरघळवूनच घालावा. बेसन आधी तांब्याभर पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून मग ओतावं. शेवटी माती. तोंडाला ओलं गोणपाट बांधावं आणि सकाळ-संध्याकाळ लाकडी दांड्यानं तळापासून ढवळावं. ढवळण्यानं तळाशी हवा पोचते आणि हवेवर जगणारे उपयोगी जीवाणू टिकतात.

उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी, थंडीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर फेस येतो, बुडबुडे उठतात आणि आंबूस वास सुटतो. हीच वापरण्याची वेळ. सात दिवसांच्या आत ड्रम संपवावा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा पोचलेली नाही हे नक्की. असलं पाणी कोवळ्या रोपांना घालू नये. कंपोस्टच्या खड्ड्यात ओतावं, तिथं ते वाया जात नाही. पंपानं किंवा ठिबकमधून द्यायचं तर गोणपाटातून एकदा आणि मग वस्त्रगाळ असं दोनदा गाळावं, नाहीतर सगळा वेळ नोझल आणि लॅटरल साफ करण्यात जातो.

कधी आणि किती द्यावं?

पहिली आळवणी पेरणीनंतर बारा ते चौदा दिवसांनी. दिवस मोजण्यापेक्षा डाळिंब्या पाहाव्यात. त्या सुरकुतू लागल्या आणि तीन पर्णिकांचं पहिलं पान उघडायला लागलं की वेळ झाली. त्याआधी देण्यात फायदा नाही. रोप घरची शिदोरी खात असतं. दुसरी आळवणी आठ दिवसांनी, म्हणजे विसाव्या-बाविसाव्या दिवशी. बहुतेक रानांत या दोन पुरतात.

जमीन वाफशावर असताना, ऊन उतरल्यावर द्यावं. कोरड्या मातीत द्रावणाचा क्षार मुळीला चटका देतो, चिखलात मुळीला हवा मिळत नाही. एका गुंठ्याला पाच लिटर जीवामृत पन्नास लिटर पाण्यात मिसळलं की रोपामागे पस्तीस-चाळीस मिलिलिटर मिळतं. पाठीवरच्या पंपाचं नोझल काढून, ओळीच्या कडेनं, खोडापासून दोन-तीन बोटं लांब धार सोडावी. पाटाच्या पाण्यात ड्रम सोडला तर बराचसा भाग सरीच्या सुरुवातीलाच मुरतो आणि शेवटच्या रोपांना रंगीत पाणीही मिळत नाही. एवढ्या थोड्या अन्नाचा उपयोग व्हायचा तर ते पांढऱ्या मुळीजवळच पडायला हवं.

परसबागेत किंवा गच्चीवर गणित बदलतं. एक लिटर जीवामृत दहा लिटर पाण्यात मिसळून कुंडीतल्या प्रत्येक रोपाला एक कप, म्हणजे २०० मिलिलिटर दिलं तर त्याला वीस मिलिग्रॅमच्या जवळपास नत्र मिळतं. बियातल्या साठ्याच्या दुप्पट! रोपं थोडी असल्यामुळे इथं द्रवरूप खताचा परिणाम शेतापेक्षा ठळक दिसतो. सगळंच लगेच मुळीला मिळत नाही. बेसनातलं आणि जीवाणूंच्या अंगातलं नत्र सावकाश सुटतं. आठवड्याच्या अंतरानं असे दोन-तीन कप पुरेसे आहेत. गांडूळपाणी असेल तर दहापट पाण्यात, गोमूत्र असेल तर निदान वीसपट पाण्यात आणि कपाऐवजी पाव कप.

मुळी नीट चालत नसेल, सतत पावसानं जमीन गार पडली असेल, तेव्हा पानांवर फवारणीही चालते. त्यासाठी गांडूळपाणी उत्तम. गोमूत्र फवारायचं तर दहा लिटर पाण्यात अर्ध्या लिटरच्या वर जाऊ नये. घेवड्याची कोवळी पानं कडेनं करपतात. ताज्या शेणापासून केलेल्या कोणत्याही द्रवात रोगजंतू असू शकतात, म्हणून शेंगा धरल्यावर शेणाचं पाणी त्यांच्यावर फवारू नये. फरसबी आपण हातानं मोडून खातो, कधी कच्चीसुद्धा. आळवणी पहिल्या तीन आठवड्यांत संपवण्याचं हेही एक चांगलं कारण.

जास्त दिलं तर

घेवडा क्षाराच्या बाबतीत सर्वांत हळव्या पिकांपैकी आहे. जमिनीच्या अर्काची क्षारता एक डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की त्याचं उत्पन्न घटू लागतं आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे १९ टक्क्यांनी उतरत जातं. जव हेच आठ एककांपर्यंत निमूट सोसतं. ज्या भागात विहिरीचं पाणी आधीच मचूळ आहे तिथं दाट स्लरी आणि कमी पाणी मिसळलेलं गोमूत्र मदत करण्याऐवजी रोप बसवतं.

दुसरा धोका गाठींचा. मुळांभोवती नत्र मुबलक असलं की रोप गाठींवर साखर खर्च करत नाही. आधीच आलेल्या गाठी खुरट्या राहतात, नव्या धरत नाहीत. पीक काही दिवस काळंभोर दिसतं, पानोरा वाढतो, मावा येतो आणि ऐन शेंगा भरताना, गाठींनी सर्वांत जास्त नत्र द्यायच्या वेळी, त्या कामाच्या नसतात. थोड्या नत्रानं रोप पानं काढतं आणि पानांच्या साखरेवर गाठी पोसल्या जातात. जास्त नत्रानं गाठींची गरजच उरत नाही. द्रवरूप सेंद्रिय खताचं पातळ असणं इथं कमतरता न ठरता गुण ठरतं. गाठींना स्फुरदही भरपूर लागतं आणि ते या द्रवांत फार नसतं. म्हणून पेरणीपूर्वी शेणखताबरोबर हाडांचं खत किंवा रॉक फॉस्फेट आणि स्फुरद विरघळवणारे जीवाणू दिले तर ड्रमचं काम सोपं होतं.

पिवळेपणा दिसला की आधी पान हातात घ्यावं. खालची, जुनी पानं एकसारखी फिकी पडली असतील तर नत्राची भूक आहे. वरची, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं आहे आणि त्याला जीवामृत हा इलाज नाही. सगळं रोप मलूल होऊन खोड जमिनीलगत तपकिरी झालं असेल तर ती कूज आहे. तिथं कोणतंही पातळ खत दिलं तरी ओल वाढून रोग पसरतो. आधी पाणी तोडावं, निचरा करावा.

गुण कशाचा, हे ठरवायचं कसं?

आळवणी केली आणि दहा दिवसांत काळोखी आली, एवढ्यावरून खताला श्रेय देता येत नाही. त्याच दहा दिवसांत मुळांवरच्या गाठीही चालू होत असतात. काहीही न देता बर्नबुर्गचा वाटाणा सावरला होता तसा घेवडाही कित्येकदा सावरतो. म्हणून प्रत्येक रानात दोन-तीन ओळी कोऱ्या ठेवाव्यात. त्यांना त्याच दिवशी, त्याच मापानं साधं पाणी द्यावं, कारण बऱ्याचदा गुण नुसत्या ओलाव्याचाही असतो. या ओळी रानाच्या मधोमध घ्याव्यात. बांधाकडच्या ओळींची जमीन वेगळी असते. तिसाव्या दिवशी दोन्हीकडची पाच-पाच रोपं निवडून पानं मोजावीत, पहिल्या तोडणीला शेंगा तोलाव्यात. हा एवढा हिशेब ज्यानं आपल्या रानात एकदा केला, त्याला पुढे कुणाच्या जाहिरातीची गरज पडत नाही.

आणि तिसाव्या दिवशी एक रोप जरूर उकरून पाहावं. उपटू नये, उपटलं की गाठी मातीतच राहतात. खुरप्यानं वीतभर बाजूनं माती सैल करून मुळासकट ढेकूळ उचलावं आणि बादलीतल्या पाण्यात हलक्या हातानं धुवावं. मुळांना चिकटलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक गाठी दिसतील. चार-पाच गाठी नखानं कापाव्यात. आतून गुलाबी-लालसर निघाल्या तर त्यांत लेगहिमोग्लोबिन आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातलं हे द्रव्य गाठीतला प्राणवायू ताब्यात ठेवतं आणि ते दिसलं की नत्र बनवण्याचं काम चालू आहे हे नक्की. मग नत्र देणारी द्रवं थांबवावीत. रोप स्वतः कमावतं आहे. गाठी आतून पांढरट किंवा हिरवट निघाल्या तर त्या अजून कच्च्या किंवा निकामी आहेत. आणखी एक आळवणी द्यावी आणि आठवड्यानं पुन्हा पाहावं. गाठीच नसतील तर या हंगामापुरती नत्राची सोय स्लरी, पेंडीचं पाणी किंवा कुजलेल्या कोंबडखतानं करावी लागेल, आणि पुढच्या पेरणीला योग्य रायझोबियमची बीजप्रक्रिया चुकवून चालणार नाही.

चांगल्या गाठी निघालेल्या रानाची नोंद वहीत करून ठेवावी. पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकड्यात घेवडा लावताना ड्रममध्ये टाकायची मूठभर माती तिथूनच आणायची.